राजधानी पडली तो रविवार

१९४८ च्या डिसेंबरात इंडोनेशियाचं प्रजासत्ताक सव्वातीन वर्षांचं होतं, आणि त्याचा नकाशा प्रत्येक तहानंतर आक्रसत चालला होता.

जपानची शरणागती जाहीर झाल्यावर दोनच दिवसांनी, १७ ऑगस्ट १९४५ ला, सुकर्णो आणि मोहम्मद हट्टा यांनी बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, स्वातंत्र्य पुकारलं. डच तेव्हा स्वतःच जर्मनांच्या टाचेखालून नुकते सुटले होते. तरीही आपली वसाहत आपल्याला परत मिळणार याबद्दल त्यांना शंका नव्हती. त्यांच्या आधी ब्रिटिश येऊन उतरले, आणि ब्रिटिश म्हणजे मुख्यतः हिंदी पलटणी. ऑक्टोबर १९४५ मध्ये सुराबायाच्या रस्त्यांवर जी ४९ वी ब्रिगेड अडकली, तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी होत्या. ब्रिगेडियर मॅलबी मारला गेला तो मराठ्यांनीच धरून ठेवलेल्या एका इमारतीसमोर. एका साम्राज्याच्या हुकमावरून दुसऱ्या साम्राज्यासाठी आपली पोरं तिथे लढली आणि मेली, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

बटाव्हियात राहणं धोक्याचं झालं, तेव्हा जानेवारी १९४६ मध्ये सरकार रात्रीच्या रेल्वेने मध्य जावातल्या योग्यकार्ताला हललं. तिथला सुलतान नववा हामेंगकुबुवोनो लायडनला शिकलेला होता. डच त्याला आपला माणूस समजत असावेत, पण तो प्रजासत्ताकाचा निघाला. पुढे मार्च १९४७ मध्ये लिंगरजातीचा करार झाला आणि जुलैमध्ये डचांनी हल्ला करून तो निकालात काढला. जानेवारी १९४८ मध्ये ‘रेनव्हिल’ या अमेरिकी जहाजावर दुसरा करार झाला. त्यात प्रजासत्ताकाच्या वाट्याला जावाचा मधला तुकडा, पश्चिमेचं बांतेन आणि सुमात्राचा काही भाग उरला. जावाची मोठी बंदरं, साखर, चहा, तेल हे सगळं पलीकडे गेलं.

डच या हल्ल्यांना ‘पोलीस कारवाई’ म्हणत. मराठवाड्यातल्या वाचकाला हे नाव ऐकल्यावर दुसरंच काही आठवेल. हैदराबादची पोलीस ॲक्शन त्याच वर्षी, सप्टेंबरात झाली होती. दोन्हींची तुलना करायचं कारण नाही. पण दिल्लीत बसून जावाकडे पाहणाऱ्यांच्या ते ध्यानात आलं नसेल असं वाटत नाही.

शुक्रवार, १७ डिसेंबर

उपाध्यक्ष हट्टा कालिउरांगला होते. मेरापी ज्वालामुखीच्या उतारावरचं हे थंड हवेचं गाव योग्यकार्तापासून जेमतेम पंचवीस किलोमीटरवर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सदिच्छा समितीचाही मुक्काम तिथेच होता. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि बेल्जियम या तीन देशांची ही समिती; तिचे अमेरिकी सदस्य मर्ल कोक्रन मात्र या वेळी बटाव्हियात होते. हट्टांनी चारच दिवसांपूर्वी त्यांना पत्र लिहून बऱ्याच गोष्टी सोडायची तयारी दाखवली होती. आपण होऊन इतकं कुणी सोडत नाही. पण सप्टेंबरात मादिउनचं कम्युनिस्टांचं बंड प्रजासत्ताकाने स्वतः मोडून काढलं होतं, आणि त्यामुळे अमेरिका आपल्याकडे जरा बऱ्या नजरेने पाहते असा हट्टांचा अदमास होता. तो चुकीचा नव्हता. फक्त त्याचा उपयोग व्हायला आणखी काही आठवडे हवे होते.

डचांचं उत्तर शुक्रवारी आलं. आमच्या अटी मान्य आहेत की नाहीत ते उद्या सकाळी दहापर्यंत कळवा. मधे एक रात्र.

बटाव्हियात डॉ. लुईस बेल होते. काही महिन्यांपूर्वीपर्यंत हॉलंडचे पंतप्रधान असलेले हे गृहस्थ आता राणीचे उच्च प्रतिनिधी म्हणून वसाहतीचा कारभार पाहत होते. त्यांच्या हाताशी सेनापती जनरल सिमोन स्पूर. स्पूरची योजना कित्येक महिने तयार होती आणि तिचं नाव होतं ‘क्राइ’, म्हणजे कावळा. हिशेब सरळ होता. राजधानीवर एकाच झडपेत उतरायचं, नेते पकडायचे, फौज मोडायची. डोकं धरलं की धड आपोआप पडेल.

शनिवार, १८ डिसेंबर, सकाळचे १०

मुदत संपली. काही घडलं नाही, आणि काही घडलं नाही म्हणूनच योग्यकार्तात बऱ्याच जणांना हायसं वाटलं असावं. गेल्या तीन वर्षांत अशा किती मुदती आल्या आणि गेल्या.

अध्यक्ष सुकर्णोंचं मन त्या आठवड्यात दुसरीकडेही होतं. नेहरूंच्या आमंत्रणावरून त्यांना हिंदुस्थानात जायचं होतं. दिल्लीत प्रजासत्ताकाची कचेरी होती, डॉ. सुदर्सोनो तिथे प्रतिनिधी होते, आणि अर्थमंत्री मारामिसही त्या दिवसांत दिल्लीतच होते. हिंदुस्थानचे आणि या प्रजासत्ताकाचे धागे तोवर बरेच विणले गेले होते, आणि त्यांतल्या एका धाग्याला रक्त लागलेलं होतं. जुलै १९४७ मध्ये बिजू पटनाईकांच्या मालकीचं, व्हीटी-सीएलए क्रमांकाचं डाकोटा विमान सिंगापूरहून औषधं घेऊन येत होतं. योग्यकार्ताच्या दक्षिणेला डच किट्टीहॉक विमानांनी ते पाडलं. त्यात इंडोनेशियाच्या कोवळ्या हवाईदलाचे पहिले अधिकारी गेले, त्यांत आदिसुचिप्तो होते. हे नाव आपल्याला पुढे पुन्हा लागेल.

सैन्याचं लक्ष वेगळ्याच तारखेवर होतं. हल्ला झाला तर काय करायचं याची योजना कागदावर होती: शहरं सोडायची, डोंगर धरायचे, गनिमी काव्याने लढायचं. तिची रंगीत तालीम म्हणून मोठे लष्करी सराव ठरले होते. त्यांची तारीख होती रविवार, १९ डिसेंबर.

शनिवार, रात्री ११.३०

बटाव्हियाच्या रेडिओवर निवेदन झालं की उद्या सकाळी डॉ. बेल महत्त्वाचं भाषण करणार आहेत.

त्याच सुमारास कोक्रन यांच्या हातात डचांचं पत्र पडलं. मध्यरात्रीपासून रेनव्हिलचा करार आमच्यावर बंधनकारक नाही. म्हणजे अर्ध्या तासाने. कोक्रन यांनी हे कालिउरांगला आणि हट्टांना कळवायची धडपड केली, पण योग्यकार्ताची तार-टेलिफोनची लाइन बंद होती. बटाव्हियातल्या प्रजासत्ताकाच्या माणसांचंही तेच झालं. पूर्व जावात तर डचांनी त्याच रात्री पुढे सरकायला सुरुवात केली होती.

करार मोडल्याची नोटीस नियमाप्रमाणे दिली गेली, ज्याला द्यायची त्याला ती मिळणार नाही याची तजवीज करून. वकिली आणि सैनिकी डोकं एकत्र आलं की असं होतं.

रविवार, १९ डिसेंबर, पहाटेचे २

पश्चिम जावात, बांडुंगच्या अंदिर विमानतळावर, खास दलाच्या छत्रीधारी जवानांना पॅराशूट वाटली गेली. डाकोटा विमानं भरायला सुरुवात झाली. साडेतीनला शेवटच्या सूचना. पावणेचारला मेजर जनरल एंगेल्स आले, त्यांच्या मागोमाग चार वाजता स्वतः स्पूर. त्यांनी पाहणी केली आणि छोटंसं भाषण केलं. चार-वीसला कॅप्टन एकहाउटची माणसं विमानांत चढली. साडेचारला पहिलं विमान उडालं.

सरळ पूर्वेला गेले असते तर प्रजासत्ताकाच्या गावांवरून जावं लागलं असतं आणि आवाजाने सगळे जागे झाले असते. म्हणून विमानं आधी दक्षिणेला हिंदी महासागरावर गेली आणि किनाऱ्याला समांतर, पाण्यावरून पूर्वेकडे निघाली.

या पहाटेच्या डच नोंदी वाचताना मला त्यांच्या नीटनेटकेपणाची गंमतही वाटते आणि भीतीही. पाच-दहा मिनिटांचा फरक नाही. योग्यकार्तात या घटकेला काय चाललं होतं त्याची अशी नोंद कुठे नाही, कारण माणसं झोपली होती.

पहाटेचे ५.४५

मागुवो हा योग्यकार्ताचा एकुलता विमानतळ, शहराच्या पूर्वेला काही किलोमीटरवर. पाच मस्टँग आणि नऊ किट्टीहॉक विमानांनी त्यावर बाँब टाकायला आणि मशिनगन चालवायला सुरुवात केली.

शहरात धमाके ऐकू आले. पुष्कळ लोक कुशीवर वळून पुन्हा झोपले. सराव आहेत ना आज! सैनिकांनाही काही वेळ तसंच वाटलं. हल्ल्यासाठी डचांनी हा दिवस मुद्दाम निवडला की कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, हा वाद मी घालत नाही. ज्या फौजेला गेले कित्येक आठवडे हल्ल्याची धास्ती होती, तिला हल्ला झाला तेव्हा तो आपलाच सराव वाटला, एवढं खरं.

विमानतळावर दीडशेच्या आसपास रक्षक होते. काही रायफली, विमानांवर मारा करणारी एक १२.७ मिलिमीटरची मशिनगन. भारी हत्यारं होती ती नादुरुस्त. जोडीला पायदळाची एक कंपनी.

६.४५ ते ७.१०

सहा-पंचवीसला लढाऊ विमानांकडून निरोप आला की उतरायला हरकत नाही. पावणेसातला छत्र्या उघडल्या.

पंचवीस मिनिटं. सात-दहाला मागुवो कॅप्टन एकहाउटच्या हातात होतं. प्रजासत्ताकाच्या बाजूची १२८ माणसं मेल्याची नोंद आहे, हल्लेखोरांपैकी एकही नाही.

याच सकाळी बेल यांचं भाषण झालं. रेनव्हिल संपला, हे प्रजासत्ताकाने अधिकृतपणे ऐकलं ते आपला विमानतळ पडत असताना, रेडिओवरून.

नऊच्या सुमाराला खास दलाची सगळी ४३२ माणसं मागुवोवर उतरली होती. त्यानंतर विमानांच्या फेऱ्या सुरू झाल्या. माणसं, जीपगाड्या, तोफा.

सकाळचे ८

सेनापती सुदिरमान बत्तीस वर्षांचे होते. फौजेत येण्यापूर्वी मुहम्मदिया संस्थेच्या शाळेत शिक्षक. क्षयाने एक फुप्फुस निकामी झालेलं. त्यावर शस्त्रक्रिया होऊन काहीच आठवडे झाले होते. बिंतारान भागातल्या घरी ते अंथरुणावर होते.

त्यांचा तातडीचा हुकूम आठ वाजता रेडिओवरून वाचला गेला. त्यात वक्तृत्व नावालाही नाही: डचांनी योग्यकार्तावर आणि मागुवोवर हल्ला केला आहे, युद्धबंदी मोडली आहे, ठरलेली योजना सर्व दलांनी अमलात आणावी. एवढंच. योजना सगळ्यांना ठाऊक होती, म्हणून एवढं पुरलं. त्या दिवशी प्रजासत्ताकाच्या बाजूने जे एक काम वेळेवर झालं ते हे.

मग सुदिरमान उठले. डॉक्टर सुवोंदो बरोबर होते. ते अध्यक्षांच्या वाड्याकडे निघाले.

सकाळ ते दुपार: वाड्यात

योग्यकार्ताचा अध्यक्षीय वाडा म्हणजे पूर्वी डच रेसिडेंटचं घर. पांढरे खांब, उंच छत, मालिओबोरोच्या टोकाला. त्या घरातल्या एका दालनात मंत्रिमंडळाची बैठक चालली होती. विमानं शहरावरून घिरट्या घालत होती आणि मंत्री एकाच प्रश्नावर बोलत होते. जायचं की राहायचं?

सेनापती दालनाबाहेर थांबले होते. त्यांना कुणी आत या म्हणाल्याचं दिसत नाही, आणि बोलावल्याशिवाय जाणाऱ्यांतले ते नव्हते. कर्नल सिमातुपांग आणि हवाईदलाचे सुर्यादर्मा हेही तिथेच. देश बुडायची वेळ आलेली, फौजेचा प्रमुख एका फुप्फुसावर उभा, आणि आत काय ठरतंय ते त्याला दाराबाहेर थांबून कळायचं.

फौजेचं म्हणणं उघड होतं. अध्यक्ष आणि उपाध्यक्षांनी गनिमी लढ्यात आमच्याबरोबर यावं. सुकर्णोंनी मागे जाहीर भाषणांतून तसं बोलूनही दाखवलं होतं की प्रसंग आला तर मी स्वतः डोंगरात जाऊन लढा चालवीन. सैनिकांनी ते शब्द जपून ठेवले होते. भाषणात बोललेलं कुणी इतकं मनावर घेईल अशी पुढाऱ्यांची कल्पना नसते.

मंत्र्यांचं गणित निराळं होतं. त्यातला एक भाग अगदी साधा. मंत्री लाओ म्हणाले की अध्यक्षांना बाहेर काढायचं तर बरोबर द्यायला पुरेशी फौज शहरात नाही. दुसरा भाग अधिक खोल होता. संयुक्त राष्ट्रांची समिती पंचवीस किलोमीटरवर होती. सरकार जंगलात गेलं तर त्याच्याशी बोलणार कोण? डच म्हणतील की सरकार उरलेलंच नाही, काही बंडखोर टोळ्या आहेत. उलट आंतरराष्ट्रीय समितीच्या डोळ्यांदेखत एका मान्य राज्याचा अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि परराष्ट्रमंत्री पकडले गेले, तर ते प्रकरण बटाव्हियापुरतं राहणार नाही.

मतं घेतली गेली. जवळजवळ सगळे राहायच्या बाजूने. बाँबखाली मतदान करणारं मंत्रिमंडळ हसण्यावारी नेणं सोपं आहे. पण त्या क्षणी तेच काय ते प्रजासत्ताक होतं.

मग दोन कागद तयार झाले. एक सुमात्रात बुकित्तिंगीला असलेले मंत्री शाफ्रुद्दीन प्रविरानेगारा यांच्या नावे: आम्ही पकडले गेलो तर तुम्ही तिथे हंगामी सरकार बनवावं. दुसरा दिल्लीला, सुदर्सोनो, संयुक्त राष्ट्रांतले प्रतिनिधी पालार आणि मारामिस यांच्यासाठी: शाफ्रुद्दीनना जमलं नाही तर तुम्ही परदेशात सरकार स्थापा. म्हणजे एक क्षण असा होता की या देशाचं सरकार कदाचित दिल्लीतून चाललं असतं. स्वतः हिंदुस्थानला स्वातंत्र्य मिळून तेव्हा सोळा महिने झाले होते.

सुकर्णो बाहेर आले आणि सुदिरमानांना समजावू लागले. तुम्ही आजारी आहात, शहरातच राहून उपचार घ्या. सुदिरमानांनी ऐकलं नाही. अध्यक्षांनीही त्यांचं ऐकलं नाही. दोघांनी एकमेकांना वाचवायचा प्रयत्न केला आणि दोघेही हटले नाहीत, असं म्हणता येईल. फौजेच्या पुढच्या आठवणींत मात्र याचं रूप इतकं सौम्य राहिलं नाही.

सकाळचे ११

कर्नल फान लांगेनच्या हाताखाली मागुवोवर २,६०० माणसं जमली होती, भारी हत्यारांसकट. ती शहराकडे निघाली.

अडवायला फारसं कुणी नव्हतं. पलटणी ठिकठिकाणी पांगलेल्या होत्या. शहराची जबाबदारी असलेल्या ब्रिगेडचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल सुहार्तो, वय सत्तावीस. हाताशी होती तेवढी माणसं घेऊन, चकमकी करत, ते दक्षिणेला हटले. जॉर्ज केहिन नावाचा एक तरुण अमेरिकी अभ्यासक त्या दिवशी शहरात होता. इंडोनेशियाच्या क्रांतीवर पुढे त्याने लिहिलेला ग्रंथ आजही या विषयात पहिल्या रांगेत आहे.

दुपार

सुदिरमानांनी घरी जाऊन कागदपत्रं जाळली आणि थोड्या माणसांनिशी ते दक्षिणेच्या रस्त्याला लागले. सुरुवातीला मोटार, मग चालवेना म्हणून लाकडी पालखी. पुढचे जवळपास सात महिने त्या पालखीत बसून ते मध्य आणि पूर्व जावाच्या डोंगरांत फिरणार होते. स्पूरच्या योजनेत अनेक गोष्टी होत्या; उठता न येणारा सेनापती खांद्यांवरून निसटेल, ही त्यांत नव्हती.

वाड्यात सुकर्णोंनी हुसेन मुतहर या तरुण अधिकाऱ्याला बोलावलं आणि त्याच्या हाती एक झेंडा दिला. फातमावतींनी, म्हणजे सुकर्णोंच्या पत्नीने, शिवलेला आणि १७ ऑगस्ट १९४५ ला फडकलेला तोच लाल-पांढरा झेंडा. हा काही झालं तरी शत्रूच्या हाती पडता कामा नये. मुतहरने काय केलं? मधली शिवण उसवली. लाल कापड एका पिशवीत, पांढरं दुसऱ्या. झडती झाली तर निघणार दोन साधे कापडाचे तुकडे; त्यांना झेंडा म्हणायचं तर कुणी आणि कशाच्या आधारावर? सहा-सात महिन्यांनी त्याने सुईच्या जुन्याच भोकांतून दोरा घालून ते पुन्हा जोडले.

दुपार कलताना

वाड्याभोवती गोळीबार झाला. रक्षकांकडचा दारूगोळा संपत आला. पांढरं निशाण वर गेलं. सुकर्णो, हट्टा, माजी पंतप्रधान शहरिर, परराष्ट्रमंत्री हाजी अगुस सालिम डचांच्या ताब्यात आले. संध्याकाळ व्हायच्या आत शहर पडलं होतं. सुलतानाच्या राजवाड्यात डच शिरले नाहीत. त्याला दुखवायचं नाही असं त्यांचं धोरण होतं. त्याने मात्र दार लावून घेतलं आणि भेटायचंच नाकारलं.

अंदिरहून पहिलं विमान सुटल्याला बारा तास होत आले होते. स्पूरच्या वेळापत्रकातलं जवळपास सगळं वेळेवर झालं होतं.

रविवार, रात्री: बुकित्तिंगी

बुकित्तिंगीवरही सकाळी विमानं आली होती. योग्यकार्ताहून निघालेली तार तिथे पोहोचलीच नाही. योग्यकार्ता पडल्याची, नेते पकडले गेल्याची बातमी तेवढी उडत उडत आली. आपल्याला काही अधिकार दिलेत याची शाफ्रुद्दीनना कल्पना नव्हती. तरी त्यांनी सहकाऱ्यांना गोळा केलं, शहर सोडलं आणि २२ डिसेंबरला हालाबान या गावात हंगामी सरकार जाहीर केलं. हुकूम मिळालेला नसताना तो तंतोतंत पाळला गेला.

त्याच २२ तारखेला योग्यकार्तात कैद्यांना बी-२५ बाँबफेकी विमानात बसवण्यात आलं. कुठे नेताहेत ते सांगितलं नाही. हट्टा आणि काही जण बांका बेटावर उतरवले गेले. सुकर्णो, शहरिर आणि सालिम यांना पुढे उत्तर सुमात्राला नेलं.

पॅरिसमध्ये सुरक्षा समिती नाताळच्या सुट्टीला उठायच्या बेतात होती, आणि डचांनी ते धरूनच वेळ साधली असावी. ती उठली नाही. २४ डिसेंबरला तिने लढाई थांबवा आणि कैदी सोडा असा ठराव केला. हिंदुस्थानने डच विमान कंपनीला आपल्या आकाशातून जायला बंदी घातली. जानेवारीत नेहरूंनी दिल्लीत आशियाई देशांची परिषद भरवली. मंत्र्यांचं गणित बरोबर निघालं होतं: पकडलेला अध्यक्ष डचांना पचेना.

आणि फौजेचंही बरोबर निघालं. डचांनी शहरं घेतली, पण संध्याकाळनंतर शहराबाहेर पडायची सोय उरली नाही. १ मार्च १९४९ ला पहाटे गनिमांनी योग्यकार्तात घुसून सहा तास शहर आपल्याकडे ठेवलं. हल्ल्याचं नेतृत्व होतं सुहार्तोंकडे. मे महिन्यात डच समझोत्याला आले. त्याच महिन्यात स्पूर हृदयविकाराने गेले. जुलैमध्ये सुकर्णो आणि हट्टा योग्यकार्ताला परतले, त्यांच्या मागोमाग पालखीतून सुदिरमान. २७ डिसेंबर १९४९ ला अॅमस्टरडॅममध्ये राणी ज्युलियानाने सार्वभौमत्व सोपवल्याच्या कागदावर सही केली. समोर हट्टा होते. सुदिरमान त्यानंतर महिनाभर जगले.

मागुवोला पुढे आदिसुचिप्तो विमानतळ असं नाव मिळालं. आणि १९ डिसेंबर ही तारीख आपल्याकडे १९६१ साली वेगळ्या बाजूने आली: गोव्यातून पोर्तुगीज गेले तो दिवस. त्या खेपेला सुरक्षा समितीत उत्तरं द्यायची पाळी हिंदुस्थानवर होती.

त्या दालनातला वाद मात्र मिटला नाही. पुढारी शरण गेले, आम्ही गेलो नाही, हे वाक्य इंडोनेशियाच्या फौजेने पुढे पिढ्यानपिढ्या सांगितलं, आणि राजकारणात आपला हक्क आहे हे पटवायला वापरलं. ते सर्वांत जोरात सांगितलं गेलं १९६६ नंतरच्या तीन दशकांत. १ मार्चचे सहा तास तेव्हा शाळेच्या पुस्तकांत आले, स्मारकांवर आले, १९७९ साली चित्रपटातही आले. अध्यक्ष सुहार्तो होते. १९ डिसेंबरच्या सकाळी शहर कुणाच्या जबाबदारीवर होतं, हे त्या गोष्टीत कुणी फारसं विचारत नसे.